मार्ग निवडतो कोण?

ट्रेन सिम्युलेटरच्या खेळात स्टिअरिंग नसतं. गाडी रुळांवर असते आणि रूळ नेतील तिकडेच ती जाते. खेळणाऱ्याच्या हाती उरतो तो फक्त वेग: कधी वाढवायचा, कधी धरून ठेवायचा, कधी आवरायचा. शत्रू नाही, कोडं नाही, खजिना नाही. खेळणाऱ्याला इतकी कमी मोकळीक देणारा दुसरा लोकप्रिय खेळ सापडणं कठीण, आणि याच खेळाभोवती निवडीचा केवढा बाजार उभा आहे! २००१ साली मायक्रोसॉफ्टने आपला ‘ट्रेन सिम्युलेटर’ काढला तेव्हा त्यात सहा रूट होते: इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल, अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन आणि ऑस्ट्रियातला इन्सब्रुक ते सांक्ट आंटोन. पुढे ब्रिटनच्या डव्हटेल गेम्सने हा व्यवहार पार दुसऱ्या टोकाला नेला. मूळ खेळ एकदा घ्यायचा, मग एकेक रूट आणि एकेक इंजिन वेगळे पैसे देऊन घेत राहायचं. त्यांच्या खेळांसाठी आज शेकडो ॲड-ऑन मिळतात आणि ते सगळे घ्यायचे म्हटलं तर हजारो डॉलर लागतात. सगळे कोणी घेत नाही, म्हणून निवडावं लागतं. जिथे गाडी तसूभरही वळवता येत नाही अशा जागी बसण्यासाठी माणूस दुकानात तासन्‌तास निवड करत राहतो. ही नुसती गंमत नाही. तिच्यात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे.

प्रश्न असा की रूट निवडताना नेमकं निवडतं कोण? वरवर पाहता, जो पैसे देतो तो. पण पैसे देणारा आणि नंतर इंजिनच्या कॅबमध्ये बसणारा हे एका देहात नांदणारे दोन वेगळे स्वभाव आहेत आणि पहिल्याला दुसऱ्याची फारशी ओळख नसते. पहिला पाहणारा आहे, दुसरा करणारा. रूट निवडताना जे फसतं ते बहुतेक याच ठिकाणी फसतं, असं माझं म्हणणं आहे. आपण पाहणारे म्हणून निवडतो आणि मग करणारे म्हणून ती निवड निभावत बसतो. हे काही खेळापुरतं खरं नाही. विद्याशाखा, नोकरी, राहण्याचं शहर, फार काय एखादी उपासनासुद्धा माणसं लांबून कशी दिसते यावरून पसंत करतात. पण त्या निवडींचे परिणाम इतके पसरलेले असतात की चूक कुठे झाली ते कधी नीट सापडत नाही. नशीब, माणसं, काळ, सगळेच आरोपी होतात. रूटच्या बाबतीत पैसे थोडे, परिणाम किरकोळ आणि दोष द्यायला दुसरं कोणी नाही. म्हणून तिथे ही चूक उघडी पडते.

सेटल ते कार्लाइल हाच मार्ग घेऊ. मिडलंड रेल्वेने तो १८६९ ते १८७६ या काळात उत्तर इंग्लंडच्या उजाड डोंगराळ मुलखातून बांधला. लांबी सुमारे ११६ किलोमीटर. मायक्रोसॉफ्टच्या त्या खेळापासून हा मार्ग वेगवेगळ्या रूपांत विकला गेला आहे आणि त्याच्या जाहिरातीत रिबलहेडचा पूल असतोच. २४ कमानी, सुमारे ४०० मीटर लांबी, ३२ मीटर उंची, मागे डोंगर आणि पुलावरून वाफ सोडत चाललेलं इंजिन. चित्र विलक्षण आहे यात वाद नाही. पण ते घेतलं कुठून? खालच्या माळावरून. गाडी हाकणाऱ्याला त्या २४ कमानींतली एकही दिसत नाही. त्याच्यासमोर रूळ असतात, दोन्हीकडे दगडी कठडा असतो आणि पुढे सिग्नल असतो. आज या पुलावर ताशी ३० मैलांची मर्यादा आहे. त्या वेगाने ४०० मीटर अर्ध्या मिनिटात संपतात, आणि सबंध मार्गाला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे ज्या अर्ध्या मिनिटावर जीव जडला म्हणून रूट घेतला, तेवढं अर्धं मिनिट कॅबमधून दिसत नाही. आणि जो दीड तास खरोखर वाट्याला येणार आहे, त्याबद्दल त्या चित्रात अक्षरही नाही. आपल्याकडे पालखी दिवे घाट चढते तेव्हाची वरून घेतलेली छायाचित्रं दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. चालणाऱ्याला ते दृश्य कधीच दिसत नाही. त्याला पुढच्याची पाठ दिसते आणि पायांना चढ लागतो. त्याने तो रस्ता दृश्यासाठी धरलेला नसतो, म्हणून तर तोच रस्ता तो पुढच्या वर्षीही धरू शकतो.

पाहणारा आणि करणारा यांची फारकत सांख्यांनी फार पूर्वी आणि फार कठोरपणे केली. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त पुरुष पाहतो पण करत नाही, प्रकृती करते पण तिला दिसत नाही. मग या दोघांचं जमतं कसं, हे सांगताना कारिकाकाराने पांगळ्या-आंधळ्याचा दृष्टान्त दिला. पांगळ्याला वाट दिसते पण चालता येत नाही, आंधळ्याला चालता येतं पण वाट दिसत नाही. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर बसायचं आणि दोघांनी मिळून रान ओलांडायचं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात या दृष्टान्ताला बरोबर दुखऱ्या जागी धरलं: पांगळा निदान बोलून तरी वाट दाखवतो, पण ज्याच्या ठायी कसलीच क्रिया नाही तो पुरुष प्रकृतीला हलवणार कसा? हा वाद सोडवणं हे आपलं काम नाही. मात्र दुकानातली परिस्थिती दोघांच्याही कल्पनेच्या पलीकडची आहे. तिथे पांगळा नुसती वाट दाखवत नाही, कोणत्या रानात शिरायचं हेही तोच ठरवतो, आणि ज्याच्या पायात काटे मोडणार आहेत त्याला एका शब्दाने विचारत नाही.

यावर सांख्याचाच एखादा अनुयायी म्हणेल की पाहणाराच तर श्रेष्ठ. कर्तेपण हा भ्रम, साक्षित्व हे सत्य. तेव्हा पाहणाऱ्याने निवड केली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं की ‘सांख्यकारिके’त पुरुषाला साक्षी म्हटलं आहे तसं भोक्ताही म्हटलं आहे, आणि या दोन्ही विशेषणांत बरंच अंतर आहे. साक्षीला काही हवं नसतं. त्याच्यापुढे कमानींचा पूल आला काय किंवा मालधक्क्याचं काळं पडलेलं आवार आलं काय, त्याला सारखंच. दुकानात चित्रं चाळणाऱ्याला हवं असतं, आणि पुष्कळ हवं असतं. तो पाहतो ते भोगण्यासाठी. अशा पाहणाऱ्याला साक्षी म्हणणं म्हणजे मिठाईच्या काचेसमोर उभ्या असलेल्याला विरक्त म्हणण्यासारखं आहे. कारिकाकारानेच पुढे म्हटलं आहे की रंगमंचावर आपलं रूप दाखवून झालं की नर्तकी थांबते, तशी प्रकृतीही थांबते. भोगासाठी पाहणाऱ्याच्या बाबतीत हे अगदी उलट्या अर्थाने खरं ठरतं: दृश्य एकदा पाहून झालं की त्याचा त्यातला रस संपतो, मुक्ती काही मिळत नाही आणि तो पुढच्या दृश्याच्या शोधात पुन्हा दुकानात येतो.

मग करणाऱ्याच्या बाजूने निवड करायची म्हणजे काय बघायचं? रूट आपल्याला काय दाखवतो हे नव्हे, तर आपल्याकडून काय मागतो हे बघायचं. सेटल जंक्शनपासून ब्ली मूरपर्यंत सुमारे २५ किलोमीटर जवळजवळ सलग चढ आहे, शंभराला एक. इंजिनवाल्यांनी त्याला ‘लाँग ड्रॅग’ असं नाव ठेवलं होतं. वाफेच्या इंजिनावर हा चढ चढायचा म्हणजे चार गोष्टींचा हिशेब एकाच वेळी सांभाळायचा: बॉयलरमधलं पाणी, भट्टीतली आग, रेग्युलेटर किती उघडायचा आणि प्रत्येक फेऱ्यात सिलिंडरमध्ये वाफ किती वेळ जाऊ द्यायची. थंड पाणी आत घेतलं की वाफेचा दाब उतरतो. दाब टिकवायला पाणी लांबवलं तर पुढे ते धोक्याच्या पातळीला येतं. पहिल्या आठ-दहा किलोमीटरमध्ये केलेली उधळपट्टी शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये वसूल होते आणि गाडी पुलाच्या अलीकडे धापा टाकत उभी राहते. दिसायला या सबंध काळात फारसं काही घडत नाही: गवत, मेंढ्यांसाठी रचलेल्या दगडी भिंती, आणि बहुतेक वेळा पाऊस. हाच त्या रूटचा गाभा आहे, आणि जाहिरातीत तो दाखवता येत नाही, कारण त्याचं चित्र निघत नाही.

इथे या मार्गाचा इतिहासच आपल्या बाजूने साक्ष देतो. मिडलंड रेल्वेला स्कॉटलंडपर्यंत स्वतःचा रस्ता हवा होता, म्हणून तिने परवानगी मिळवली. मग प्रतिस्पर्धी कंपनीशी समझोता झाला आणि हा खर्चिक उद्योग टाळायची तिची इच्छा झाली. पण १८६९ साली पार्लमेंटने माघारीला परवानगी नाकारली आणि नको असलेला मार्ग तिला बांधावा लागला. त्या मुलखात गावं तुरळक, गाड्या मात्र लांब पल्ल्याच्या आणि वेगाच्या धावायच्या होत्या, म्हणून चढ शंभराला एकपेक्षा तीव्र होऊ द्यायचा नाही असं ठरलं. त्या एका अटीने बाकी सगळं घडवलं. दऱ्यांत उतरता येईना म्हणून पूल उंच झाले. डोंगरावरून जाता येईना म्हणून ब्ली मूरचा बोगदा जवळजवळ अडीच किलोमीटर लांब झाला. बांधकामाच्या काळात अपघातांनी आणि देवीच्या साथीने मेलेल्या मजुरांची आणि त्यांच्या बायकापोरांची दफनं चॅपल-ल-डेलच्या छोट्या चर्चच्या आवारात दोनशेच्या वर झाली. रिबलहेडचा पूल सुंदर दिसावा म्हणून कोणीही एक दगड रचलेला नाही. आपण जे दृश्य म्हणून विकत घेतो ते एका कामाच्या अटीतून सांडलेलं आहे. मग १९८०च्या दशकात ब्रिटिश रेल्वेलाही हा मार्ग नकोसा झाला. बंद करण्याच्या प्रस्तावावर हजारो हरकती आल्या, त्यांत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसासुद्धा हरकत म्हणून धरला गेला, कारण तो कुत्रा तिकीट काढून प्रवास करणारा नियमित उतारू होता. आणि १९८९ साली सरकारने मार्ग चालू ठेवला. ज्यांनी बांधला त्यांना तो नको होता, ज्यांच्याकडे आला त्यांनाही नको होता, आणि आज त्याची आभासी प्रत लोक पदरचे पैसे मोडून घेतात. निवडीच्या शहाणपणावर फार विसंबू नये असं वाटायला एवढा एक दाखला पुरे आहे.

कामाची मागणी म्हणजे दर वेळी चढच असतो असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९१४ साली सुरू झालेला कूर ते आरोसा हा मीटर गेज मार्ग जेमतेम २६ किलोमीटरचा, पण तेवढ्यात तो ५८५ मीटरवरून १७३९ मीटरवर जातो. गाडी सुरुवातीला कूर शहराच्या रस्त्यातून, मोटारींच्या शेजारून जाते आणि मग हजाराला साठ अशा चढाला लागते. वर जाताना मोटर काम करते. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर, जेव्हा तासभर गाडी नुसती धरून ठेवायची असते. याच्या अगदी उलट जर्मनीतला कोलोन ते आखेन. तिथे आयसीई ही वेगवान गाडी काही अंतर ताशी २५० किलोमीटरने धावते आणि त्या वेगात बाहेरचे सिग्नल वाचणं शक्य नसल्याने एलझेडबी नावाची यंत्रणा पुढचा वेग आणि पुढचं अंतर कॅबमध्येच दाखवते. खेळणाऱ्याची नजर खिडकीतून निघून पॅनेलवर खिळते. शिवाय ड्रायव्हर जागा आहे का हे तपासणारी ‘सिफा’ ही यंत्रणा चालू केली तर साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत पाय उचलून पेडल पुन्हा दाबावं लागतं, नाहीतर आधी दिवा, मग आवाज आणि मग गाडीच थांबते. सर्वांत वेगाचा रूट हा अशा रीतीने सर्वांत कमी दिसणारा रूट ठरतो. जाहिरातीतल्या चित्रावरून हे कोण ओळखेल?

ब्रिटनमधल्या मार्गांवरची एडब्ल्यूएस ही यंत्रणा तर तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवावी अशी आहे. पुढचा सिग्नल सावधगिरीचा असेल तर कॅबमध्ये भोंगा वाजतो. ड्रायव्हरने दोन-तीन सेकंदांत बटण दाबलं नाही तर ब्रेक लागतात. दाबलं तर भोंगा थांबतो आणि समोरच्या गोल तबकडीवर काळे-पिवळे पट्टे उमटतात. ते पट्टे एवढंच सांगतात की इशारा मिळाला होता आणि तो तूच स्वीकारला होतास. पुढे गाडी आवरायची की नाही हे यंत्रणा त्याच्यावर सोडते. जबाबदारी म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या अनेक ग्रंथांत मिळत नाही. खेळात या यंत्रणा बहुधा आपल्या मर्जीने चालू-बंद करता येतात, आणि पाहणारा त्या बंद ठेवतो, कारण त्या दृश्यात व्यत्यय आणतात.

आता पहिला आणि सर्वांत सरळ आक्षेप: हा खेळ आहे, विरंगुळा आहे; दिवसभर काम करून आलेल्या माणसाने संध्याकाळी पुन्हा कामच का निवडावं? सुंदर डोंगर बघत बसला तर कोणाचं काय जातं? कोणाचंच काही जात नाही. पण मग सिम्युलेटर कशाला? डोंगरातून जाणाऱ्या गाड्यांची कॅबमधून केलेली तासन्‌तासांची चित्रणं फुकट बघायला मिळतात आणि ती संगणकाने काढलेल्या झाडांपेक्षा खरी असतात. ज्याने पैसे देऊन हँडल हातात घेतलं त्याला बघण्याव्यतिरिक्त काहीतरी हवं होतं. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ सालच्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली तिचा आशय असा की अनावश्यक अडथळे आपखुशीने ओढवून घेऊन ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. ही व्याख्या मान्य केली तर अडथळा हा खेळातला उपद्रव नसून तोच खेळाचा पदार्थ आहे. अडथळे वगळून रूट घेणारा खेळ न घेताच खेळाचे पैसे देतो. आणि संध्याकाळच्या थकव्याबद्दल बोलायचं तर दिवसभराचं काम थकवतं ते बहुधा ते काम असतं म्हणून नव्हे. ते दुसऱ्याने लादलेलं, तुटक आणि कधीच पूर्ण न होणारं असतं म्हणून. सेटलहून निघालेली गाडी कार्लाइलला पोचते आणि काम संपतं.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. काही खेळणारे प्रामाणिकपणे पाहणारेच असतात. डव्हटेलच्या ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ या खेळात कॅबमधून उठून डब्यात जाऊन बसता येतं, कोणी फलाटाच्या टोकाला उभं राहून जाणाऱ्या गाड्यांची चित्रं टिपतं. रेल्वेवेडाची ही परंपरा जुनी आहे आणि तिच्यात कमी प्रतीचं काही नाही. अशा माणसाने दृश्य पाहून रूट घेतला तर त्याची निवड चुकीची म्हणता येणार नाही, हे मान्य. त्याच्यापुढची अडचण निराळी आहे. डेन्मार्कच्या किर्केगार्दने १८४३ साली ‘आयदर/ऑर’ मध्ये पीकपालटावर एक उपरोधिक निबंध एका सौंदर्यभोगी पात्राच्या तोंडी घातला आहे. कंटाळा आला की जमीनच बदलायची, गाव सोडून शहर, देश सोडून परदेश, ही रीत ते पात्र गावंढळ ठरवतं. जमीन तीच ठेवून कसण्याची पद्धत बदलणं हे त्याच्या मते खरं कसब, आणि त्यासाठी स्वतःला मर्यादा घालून घ्याव्या लागतात. किर्केगार्दला ते पात्र अनुकरणीय वाटत नव्हतं, तरीही या एका मुद्द्यावर ते बरोबर आहे. नुसत्या दृश्यावर जगणाऱ्याकडे कसण्याची पद्धत बदलण्याची सोयच नसते. त्याला जमीनच बदलावी लागते, आणि ॲड-ऑनचा सगळा व्यापार याच गरजेवर उभा आहे. करणाऱ्याला तोच मार्ग पावसात, धुक्यात, जड गाडी घेऊन, पाच मिनिटं उशिराने सुटून पुन्हा नवा मिळतो.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. पुष्कळ जण ना दृश्य बघतात ना काम. ते आपला मार्ग शोधतात, ज्यावरून बाप कामाला जायचा, ज्यावरून आजोळी जायचं. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला कोकण रेल्वे किंवा मुंबईची लोकल संगणकावर हवीशी वाटली तर त्याला चढउताराचे हिशेब सांगणं अरसिकपणाचं होईल. पण ही आठवण कोणाची आहे ते पाहिलं पाहिजे. लोकलची आठवण उतारूची असते: दारातला वारा, चौथी सीट, भजनाचा डबा, ठरावीक फलाटावर ठरावीक जागी उभं राहणं. यातलं काहीच मोटरमनच्या केबिनमध्ये नाही. तिथे दोन-तीन मिनिटांवर येणारी स्टेशनं आहेत, पिवळे सिग्नल आहेत आणि गाडी फलाटावर नेमक्या खुणेला उभी करण्याचं काम आहे. आठवण विकत घ्यायला गेलेल्याला सिम्युलेटर आठवण देऊच शकत नाही. तो दुसऱ्याच माणसाचं काम हाती देतो. निराश होऊन तो रूट सोडून देण्यापेक्षा हे काम करून बघणं मोलाचं आहे. ज्याच्या भरवशावर वर्षानुवर्षं पेंगत प्रवास केला, तो माणूस त्या वेळात काय करत होता, हे तेव्हा पहिल्यांदा कळतं.

याच्या विरुद्ध टोकाला एक उत्साही मंडळ आहे, जे या खेळाला ध्यान किंवा कर्मयोग म्हणू पाहतं: कोणी कुठे पोचत नाही, काही मिळवायचं नाही, नुसतं काम, म्हणजे निष्काम कर्मच की! ही मांडणी माझ्या बाजूची असली तरी मला ती मान्य नाही. गीतेतला अर्जुन ज्या कर्मापुढे उभा आहे त्याला फळ आहे, भयंकर फळ आहे; ते असूनही त्यावरची आसक्ती सोडायची आहे. ज्याला फळच नाही ते कर्म निष्काम ठरत नाही, ते नुसतं निष्फळ असतं. सिम्युलेटरमधल्या डब्यात कोणी नाही, उशीर झाला तर कोणाची परीक्षा बुडत नाही. मुंबईच्या मोटरमनच्या मनावर रुळांवर अचानक माणूस येण्याचं जे ओझं रोज असतं, ते या खेळात नाही आणि असूही नये. तेव्हा खेळणाऱ्याने स्वतःला कर्मयोगी समजू नये. एवढं मात्र खरं की रूळ खोटे असले, उतारू खोटे असले, तरी भोंगा वाजल्यावर गेलेलं किंवा न गेलेलं लक्ष खरंच असतं. लक्ष देण्याची सवय हीच काय ती या खेळातून घरी नेण्यासारखी चीज, आणि म्हणून लक्ष मागणारा रूट हा न मागणाऱ्यापेक्षा चांगला.

शेवटचा आक्षेप ज्ञानाचा. करून पाहिल्याशिवाय करण्याचा अनुभव कळत नाही, मग विकत घेण्याआधी करणाऱ्याच्या नजरेने निवडायचं कसं? एल. ए. पॉल या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ साली असाच प्रश्न मोठ्या निवडींबद्दल मांडला: मूल होणं यासारखा अनुभव माणसालाच बदलून टाकतो, तेव्हा आधीच्या माणसाने नंतरच्यासाठी कशाच्या आधारावर ठरवायचं? मूल होण्याबद्दल हा प्रश्न खरोखर अवघड आहे. रूटबद्दल तो इतका अवघड नाही. प्रत्यक्ष मार्गाचे चढउतार, वळणं, थांब्यांमधली अंतरं, कोणती सिग्नल यंत्रणा, दिवसाला किती आणि कसल्या गाड्या, हे सगळं छापील स्वरूपात मिळतं. ते कोरडं असतं म्हणून कोणी वाचत नाही, इतकंच. शिवाय ‘स्टीम’सारख्या ऑनलाइन दुकानात १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ही सवलत कोणासाठी सोयीची आहे तेही बघण्यासारखं आहे. दोन तासांत पाहणाऱ्याचं सगळं पाहून होतं. करणाऱ्याची सेटल ते कार्लाइल एक फेरी कशीबशी होते, आणि बहुधा तीही ब्ली मूरच्या अलीकडे वाफ संपून अर्धवट राहते.

तेव्हा नवा रूट घ्यायचा मोह झाला तर आधी एवढं करा. जवळ आहे त्याच रूटवर सुरक्षा यंत्रणा चालू करा, बाहेरचा कॅमेरा वापरू नका आणि वेळापत्रकातली एक गाडी पहिल्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत न्या. ती फेरी पुन्हा करावीशी वाटली तर तूर्त दुसऱ्या रूटची गरज नाही. नाही वाटली तर कशामुळे ते तपासा: चढ नव्हता, थांबे फार लांब होते, यंत्रणा समजत नव्हती, की काम जमत होतं पण फार सोपं होतं? जे कमी पडलं ते ज्या मार्गावर असेल तो मार्ग घ्या, मग तो एखाद्या धुरकट औद्योगिक गावातला मालगाड्यांचा का असेना. रिबलहेडच्या पुलाची छायाचित्रं काय, फुकट मिळतात.